तीन पिढ्यांची सहल

सुटीचे दिवस जवळ आले, कीं घरांत दोन पक्ष पडतात. मुलांचा पक्ष पाण्याचा व पाळण्यांचा. वडीलधाऱ्यांचा पक्ष देवदर्शनाचा व विश्रांतीचा. मधल्या पिढीचें, म्हणजे आमचें, काम या दोन पक्षांत तह घडवून आणण्याचें. हा तह बहुधा असा होतो, कीं मुलांना हवें तें मिळतें आणि वडील माणसांना "तुम्हीही चला ना" एवढें निमंत्रण मिळतें. निमंत्रण देणें वेगळें आणि सोबत नेणें वेगळें, हें आम्हांला गेल्या वर्षीं जरा कडू रीतीनें समजलें. म्हणून यंदां शिर्डीस केलेल्या दोन दिवसांच्या सहलीची हकीकत तेथूनच सुरू करणें भाग आहे.

गेल्या वर्षीं आम्ही सहकुटुंब एका मोठ्या क्रीडोद्यानांत गेलों होतों. स्थळाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष स्थळाचा नव्हता, आमचा होता. सकाळीं दहा वाजतां तात्यांना व माईला एका लिंबाखालच्या बांकावर बसविलें, सर्वांच्या पिशव्या त्यांच्या स्वाधीन केल्या, आणि "आतां येतों" म्हणून जे गेलों ते चार वाजतां परतलों. पाहतों तों तात्यांनीं साऱ्या पिशव्यांचे बंद रुमालानें एकत्र बांधले होते व रुमालाचें टोंक स्वतःच्या पायाच्या आंगठ्याला अडकविलें होतें. डुलकी लागली तरी पिशवी हलल्यास कळावें, ही त्यामागची योजना! मुलें हंसलीं, आम्हीही हंसलों. तात्या कांहींच बोलले नाहींत.

ते बोलले यंदां. शिर्डीजवळच्या उद्यानाचा विषय जेवतांना निघाला, तेव्हां त्यांनीं शांतपणें ताक संपविलें व म्हटलें, "तुम्ही खुशाल जा. मी घर राखतों. राखायचेंच असेल, तर घर बरें. येथें निदान पंखा आहे."

त्या रात्रीं आम्हांला झोंप लागली नाहीं.

थीम पार्क म्हणून ज्या उद्यानांना आज म्हणतात, त्यांचा इतिहास पाहिला तर त्याच्या मुळाशीं असाच एक बांक आहे, ही मौजेची गोष्ट आहे. अमेरिकेंतील चित्रपटकार वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिस येथील ग्रिफिथ पार्कमध्यें फिरत्या घोड्यांवर बसवायला नेत असे. मुली घोड्यांवर, आणि हा बांकावर शेंगदाणे खात बसलेला. लहानांनीं खेळावें व मोठ्यांनीं नुसतें बसावें, असें कां? आईबाप आणि मुलें यांना एकत्र रमतां येईल अशी जागा असूं नये काय? या विचारांतून पुढें १९५५ सालच्या जुलै महिन्यांत डिस्नेलँड उघडलें. आपल्याकडे दिल्लीचें अप्पूघर १९८४ सालीं, मुंबईचें एस्सेलवर्ल्ड १९८९ सालीं व खोपोलीजवळचें इमॅजिका २०१३ सालीं सुरू झालें. बांकावरून उठण्यासाठीं निघालेली कल्पना. आणि आम्ही मात्र तिकिटें काढून वडिलांना पुन्हां बांकावरच नेऊन बसविलें होतें!

दुसऱ्या दिवशीं आम्ही तात्यांची क्षमा मागितली नाहीं. आमच्या घरांत क्षमा शब्दांनीं मागण्याची रीत नाहीं. आम्हीं त्यांच्यापुढें एक कोरी वही ठेवली व म्हटलें, "तात्या, वेळापत्रक तुम्ही करा. तुम्ही म्हणाल तसें जाऊं." तात्या तीस वर्षें शाळेंत विज्ञान शिकवीत होते, आणि शाळेचें वेळापत्रक दर जूनमध्यें त्यांच्याच हातचें असे. त्यांनीं वहीकडे एकवार पाहिलें, चष्मा पुसला व विचारलें, "माणसें किती?"

माणसें अकरा होतीं. तात्या वय अठ्ठ्याहत्तर. माई चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे अधू. आम्ही व सौ.; धाकटे बंधु व त्यांची पत्नी; आणि चौदा, अकरा, सात व चार वर्षांचीं चार मुलें. "दहाच झालीं कीं," असें आम्ही म्हणणार, तों तात्यांनीं अकराव्या ओळींत लिहिलें, "माईची खुर्ची." चाकांची खुर्ची हा सहलीचा एक सभासद समजून तिच्यासाठीं गाडींत जागा, वाटेंत उतरंड व दारांत रुंदी पाहिली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. तें किती खरें होतें, तें पुढें पदोपदीं कळलें.

शिर्डीच कां, याचें उत्तर सोपें आहे. नगरहून शिर्डी सुमारें ऐंशीं-पंचाऐंशीं किलोमीटर. म्हणजे वडील माणसांच्या पायांना मुंग्या येण्याच्या आंत पोंचतां येतें. लांबच्या पाहुण्यांना तर आतां अधिकच सोय आहे. साईनगर शिर्डी हें रेल्वे स्थानक २००९ पासून आहे. २०१७ सालीं काकडी येथें विमानतळ झाला. आणि २०२२ च्या डिसेंबरांत नागपूर-शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा पहिला भाग खुला झाला. शिवाय एकाच गांवीं देऊळ, पाण्याचें उद्यान आणि 'साईतीर्थ' हें भक्तिपर थीम पार्क अशीं तिन्ही असल्यानें, दोन्ही पक्षांचा तह कोणाचीही फसवणूक न करतां होण्यासारखा होता. संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहानें हीं उद्यानें उभारलीं, ही जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

वहींत तात्यांनीं जे नियम लिहिले, ते वाचकांच्या उपयोगीं पडतील म्हणून देतों. पहिला नियम : सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगानें दिवस आंखावा. दुसरा : गुरुवार टाळावा, रामनवमी, गुरुपौर्णिमा व विजयादशमी या उत्सवांचे दिवसही टाळावेत, कारण त्या दिवशीं शिर्डींत पाय ठेवायला जागा नसते. तिसरा : एका दिवसांत एकच मोठें काम, मुलांचें पाणी व म्हाताऱ्यांचें दर्शन एका दिवसांत कोंबूं नये. चौथा : दुपारीं एक ते तीन कोणीही कोणाला हांक मारूं नये. पांचवा : पिशवी ज्याची त्यानें सांभाळावी, अथवा भाड्याच्या कुलुपी कपाटांत ठेवावी. या पांचव्या नियमाखालीं त्यांनीं दोनदां रेघ ओढली होती. आम्हीं ती रेघ पाहिली, व न पाहिल्यासारखें केलें.

आणखीही बारीकसारीक चौकशी त्यांनीं आम्हांकडून करवून घेतली. अशा उद्यानांत मोठ्या घसरगुंड्यांवर व वेगवान पाळण्यांवर मुलाची उंची मोजून सोडतात. हृदयविकार, रक्तदाब किंवा पाठीचें दुखणें असणाऱ्यांना मनाई असते. तेव्हां सात वर्षांच्या चिरंजीवांना घरींच दाराच्या चौकटीशीं उभें करून मोजण्यांत आलें. मोठ्या घसरगुंडीला ते कमी भरले, व घरींच यथेच्छ रडले. "जें रडायचें तें फाटकाच्या बाहेर रडलेलें बरें; आंत वेळ मोडतो," हा तात्यांचा सिद्धांत. पाण्यांत उतरायला सुती कपडे चालत नाहींत, नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात. तेही आधींच घेतले. बाहेरचें खाणें आंत नेऊं देत नाहींत, असा बहुतेक ठिकाणीं नियम असतो. म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी व लोणचें ही शिदोरी वाटेसाठींच ठेवली. माईच्या गोळ्या मात्र दोन ठिकाणीं विभागून, एक पुडी तिच्याकडे व एक सौ.कडे, अशा बांधल्या.

फेब्रुवारींतल्या एका मंगळवारीं सकाळीं आठाला निघालों. नगरांतून बाहेर पडतांना तात्यांनीं मुलांना फराहबागेची गोष्ट सांगितली. अहमद निजामशहानें १४९० सालीं हें शहर वसविलें. पुढें सोळाव्या शतकांत त्याच्या वंशजांनीं एका विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागीं हा महाल बांधला. पाणी दुरून खापरी नळांनीं आणलेलें. आज महाल उभा आहे, तलावांत पाणी नाहीं. "म्हणजे आपल्याकडे वॉटर पार्क तेव्हांपासून आहे!" थोरला पुतण्या म्हणाला. "होतें," तात्या म्हणाले, "पण तिकीट एकाच कुटुंबाला मिळे." २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे, तात्या मात्र अजून 'नगर'च म्हणतात, व दोन्ही नांवांत तें आहेच, असें कारण देतात.

विळदचा घाट उतरून राहुरी गांठली. हा जिल्हा मुळांत पर्जन्यछायेचा. पण राहुरीच्या पुढें उंसाचे हिरवे पट्टे सुरू होतात व प्रवासी चकित होतो. ही हिरवळ कालव्यांची. प्रवरेवर भंडारदरा येथें धरण बांधून तें १९२६ सालीं पुरें झालें, आणि त्या पाण्यावर पुढें उंस वाढला. १९५० च्या अखेरीस लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तोही याच पाण्याच्या आधारानें. कोल्हारच्या पुलावरून प्रवरा ओलांडतांना माईनें खिडकींतून हात जोडले. राहात्याला पेरू घेतले. तेथले पेरू प्रसिद्ध आहेत, व त्या दिवशीं ते प्रसिद्धीस उतरले.

दुपारची सक्तीची विश्रांति झाल्यावर सायंकाळीं दर्शन घेतलें. वृद्धांसाठीं वेगळी सोय असते. तिची आधीं चौकशी केल्यानें माईला रांगेंत ताटकळावें लागलें नाहीं. साईबाबांनीं १९१८ सालीं विजयादशमीस देह ठेवला. ज्या मशिदींत ते राहिले, त्या द्वारकामाईंतील धुनी अजून पेटती आहे. तात्या फारसे भाविक नाहींत. पण लेंडीबागेंत ते बराच वेळ रमले. बाबा स्वतः येथील झाडांना पाणी घालीत, हें ऐकून म्हणाले, "हें मला कळतें."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलांचा पक्ष पाण्यावर निघाला. आम्ही व बंधु त्यांच्याबरोबर. माई-तात्या अकराच्या सुमारास, तासभर पाहण्यापुरतीं आलीं. कृत्रिम लाटांचा तलाव पाहून माई थक्क झाली. लाटा कोठून येतात, हें तात्यांनीं काठावरूनच मुलांना समजाविलें. बहुतेक अशा तलावांत मागच्या भिंतीआड कोठड्या असतात. तेथें पंख्यांनीं हवा दाबली, कीं पाणी खालीं ढकललें जातें, आणि हवा सोडली कीं वर येतें. तालावर असें केलें म्हणजे लाट काठापर्यंत चालत येते. चारदोन अनोळखी मुलेंही ऐकायला येऊन उभीं राहिलीं. वर्ग पुन्हां भरला होता.

माई मात्र गप्प होती. थोड्या वेळानें ती म्हणाली, "बहात्तर सालीं आम्ही पाथर्डीकडे होतों. हंडाभर पाण्यासाठीं रात्रीं दोनला उठून विहिरीवर नंबर लावायचा. विहिरींत माणूस उतरायचें, वाटीनें पाणी भरायचें. त्याच जिल्ह्यांत हें!" तिच्या बोलण्यांत राग नव्हता, नुसतें आश्चर्य होतें. हें पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हां पुन्हां वापरतात, असें बंधूंनीं सांगितलें. माईनें मान डोलविली. पण तिनें धाकट्या नातीला जवळ बोलावून १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सबंध सांगितली. ओल्या केसांची चार वर्षांची मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. तो तास आम्हांला सहलीच्या सर्व खर्चाहून मोलाचा वाटतो. संध्याकाळीं त्या मुलीनें हात धुतांना नळ आपणहून बंद केला.

दुपारच्या विश्रांतीनंतर तीन वाजतां सर्वजण साईतीर्थांत गेलों. येथें पाहण्याचे प्रकार बहुतेक बसून पाहण्याचे व छताखालचे आहेत. त्यामुळें गुडघ्यांचा प्रश्न सुटतो. एका ठिकाणीं द्वारकामाईचा देखावा असून त्यांत बाबांची यांत्रिक मूर्ति हालचाल करते व बोलते. 'लंकादहना'च्या खेळांत दुहेरी चित्राचा चष्मा लावून बसावें लागतें. मारुतिराय शेंपटीची मशाल घेऊन अगदीं अंगावर येतात. आमच्या सात वर्षांच्या वीरानें, ज्याला मोठ्या घसरगुंडीवर जाण्याची एवढी हौस, त्यानें आजोबांचा दंड घट्ट धरला. बाहेर आल्यावर तात्यांनीं चष्म्याचें मर्म सांगितलें : पडद्यावर एकाच वेळीं दोन चित्रें असतात; एक कांच एकच चित्र आंत सोडते, दुसरी दुसरें; दोन डोळ्यांना मिळालेलें किंचित् भिन्न चित्र मेंदू जुळवितो, आणि सपाट पडद्याला खोली आल्याचा भास होतो. मुलांना तें इतकें पटलें, कीं एक डोळा मिटून पुन्हां पाहायचें म्हणून हट्ट धरून बसलीं.

शेवटीं 'तीर्थयात्रा'. येथें लहानशा गाडींत बसवून अंधारांतून फिरवितात, आणि दोहों बाजूंस देशांतील प्रसिद्ध देवळांच्या प्रतिकृति एकामागून एक उजळत जातात. तात्या सुरवातीलाच पुटपुटले, "लाकडाचीं देवळें, प्लास्टरचे देव." माईनें तें ऐकलें नसावें. ती प्रत्येक देवळापुढें हात जोडीत होती; गाडी पुढें जाई तशी मान वळवून मागें पाहत होती. गाडी थांबली. आम्हीं तिला हात देऊन उतरविलें. खुर्चींत बसतांना ती अत्यंत समाधानानें म्हणाली, "झालें हो. आतां काशी झाली म्हणायची."

तात्या जागच्या जागीं उभे राहिले. "नाहीं," ते म्हणाले. "ती झाली नाहीं."

आमच्या घरांत पूर्वीं फडताळांत एक पितळी डबा असे. तात्या निवृत्त झाले कीं काशीस जायचें, असें लग्नाच्या वर्षींच ठरलेलें; त्यासाठीं माई घरखर्चांतून वाचलेली रक्कम त्या डब्यांत टाकी. तो डबा एकदांच रिकामा झाला. ज्या वर्षीं आम्हांला पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, त्या वर्षीं. पुढें तात्या निवृत्त झाले, पण तेव्हां घराचें कर्ज होतें. कर्ज फिटलें, तेव्हां बंधूंचें लग्न. आणि तें झालें, तेव्हां माईचे गुडघे. डबा पुन्हां भरला नाहीं, व कोणी त्याचें नांव काढलें नाहीं. काशी मागें पडली ती कोणा एकाच्या दोषानें नव्हे. प्रत्येक वर्षीं कांहींतरी अधिक निकडीचें निघालें एवढेंच. परंतु ज्यांच्या निकडी भागल्या, ते आम्हीच होतों.

परतीच्या वाटेवर मुलें झोंपलीं. राहुरीच्या अलीकडे तात्यांनीं अंधारांत विचारलें, "हल्लीं काशीला देवळापर्यंत जायला रस्ता कसा आहे?" आम्हीं सांगितलें, कीं २०२१ च्या डिसेंबरांत घाटापासून विश्वनाथाच्या देवळापर्यंतचा रुंद नवा मार्ग झाला आहे, पूर्वींच्या अरुंद गल्ल्यांतून चिरडत जावें लागत नाहीं. "खुर्ची जाईल?" त्यांनीं विचारलें. चौकशी करतों, असें आम्ही म्हणालों. माई जागी होती कीं झोंपली होती, कोण जाणे. ती खिडकीकडे तोंड करून होती.

वाचकांना आमचें सांगणें एवढेंच, कीं वडील माणसें अशा ठिकाणीं जाऊन करणार काय, असें म्हणून त्यांना घरीं ठेवूं नका. आणि नेलेंत, तर बांकावर ठेवूं नका. सहलीची वही त्यांच्या हातीं द्या. जें त्यांना झेपत नाहीं तें सोडून द्या. मुलांचें त्यानें फारसें बिघडत नाहीं. आणि मुख्य म्हणजे, वाटेंत तीं माणसें काय बोलतात, तें ऐका. जें तीं मागत नाहींत, तें अशाच वेळीं सहज ओठांवर येतें.

तात्यांच्या वहींत आतां नवें पान उघडलें आहे. वर 'काशी, कार्तिक' असें असून पहिला नियम आहे : "हिच्या पायांच्या वेगानें." डबा माळ्यावरून काढून सौ.नें चिंचेनें घासला आहे व पुन्हां फडताळांत ठेवला आहे. त्यांत पहिली रक्कम आम्हीं टाकली. ती देणगी नाहीं, जुनें देणें आहे, हें आम्हीं माईला सांगितलें नाहीं. पण तिनें झांकण उघडून पाहिलें, आणि कांहीं न विचारतां बंद केलें.